दिसायला सारखे, पण जात वेगळी



तुरीच्या डाळीत लाखेची डाळ मिसळली, तर नजरेला पटकन कळत नाही. पण अंगावर होणारा परिणाम वेगळा असतो. पोटातल्या पट्टकृमींचं, म्हणजे फितीसारख्या लांब, चपट्या जंतांचं, असंच आहे.

माणसाच्या आतड्यात राहणारे दोन पट्टकृमी पूर्वीपासून माहीत होते. एक गाईबैलांच्या अर्धकच्च्या मांसातून येतो, दुसरा डुकराच्या. भिंगाखाली डुकराच्या जंताच्या डोक्यावर बारीक आकड्यांचं कडं दिसतं. दुसऱ्याला आकडे नसतात.

पण तैवानमध्ये कोडं पडलं. तिथल्या डोंगराळ भागातल्या आदिवासींच्या पोटात बिनआकड्यांचा जंत सापडे, आणि ते खात मात्र डुकराचं मांस! शोध घेतल्यावर कळलं, की याच्या अळ्या डुकराच्या कलेजीत वाढतात, आणि ती कलेजी तिथे कच्ची खाल्ली जाते. १९९३ साली कोरियातल्या शास्त्रज्ञांनी त्याला वेगळं नाव दिलं, टीनिया एशियाटिका. रूप इतकं सारखं, की वाद चालूच राहिला. मग जनुकं तपासली. तेव्हा दिसलं, की हा गाईबैलांच्या जंताचा सख्खा भाऊ, पण जात वेगळी.

तुम्ही म्हणाल, आपल्याला याचं काय? या तिघांचीही अंडी सूक्ष्मदर्शकाखाली एकसारखी दिसतात. पण डुकराच्या आकडेवाल्या जंताची अंडी अस्वच्छ हातातून, पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून आपल्या पोटात गेली, तर अळ्या मेंदूत पोचून गाठी होतात आणि फिट येऊ शकते. आयुष्यात मांस न खाल्लेल्या बाईलाही हे होतं. मग 'बाहेरचं झालं' म्हणून अंगारे-धुपारे करण्यात दिवस जातात.

म्हणून शौचात दुधीच्या बीसारखे पांढरे, चपटे तुकडे दिसले, तर लाजू नका. झाकणाच्या बाटलीत घालून आरोग्य केंद्रात न्या, हात साबणाने धुवा. तुकड्यावरून, गरज पडली तर जनुकांवरून, जात ओळखता येते. जात कळली, की डॉक्टरांना धोका कळतो, घरातल्यांनाही तपासता येतं.

मांस पूर्ण शिजवा, भाजी धुवून घ्या, शौचालय वापरा. आणि कुणाला फिट आली, तर आधी दवाखाना गाठा.