भात पुन्हा गरम केला तरी

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाने रांधलेलं जेवण जेवून चाळीसेक माणसांना उलट्या झाल्या. साखरपुडा होता, सव्वाशे पानं. कोणाच्या जिवावर बेतलं नाही. दोघा-तिघांना सलाइन लावावं लागलं, दुसऱ्या दिवशी सगळे घरी होते. पण गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. आज हे रेडिओवर सांगतोय, कारण तुमच्यापैकी पुष्कळ गट आता जेवणाच्या ऑर्डरी घेतात, आणि आमची चूक झाली ती अगदी साध्या कामात. भात लावण्यात.

भट्ट्या दोनच होत्या. म्हणून भात पहाटे चारला शिजवून घेतला, पातेल्यावर झाकण ठेवून फडकं बांधलं आणि बाकीच्या स्वयंपाकाला लागलो. बाराला फोडणी दिली, चांगला वाफाळता करून वाढला. भात आंबला नव्हता, वास नव्हता, आम्ही चवही घेतली होती. दीडला पहिली पंगत उठली आणि साडेतीनपासून एकेका घरातून निरोप यायला लागले.

संध्याकाळपर्यंत दोषी ठरलीसुद्धा. गटातल्या एका ताईंना त्या दिवशी पाळी आली होती. ‘तिचा हात लागला, म्हणून झालं,’ असं कोणीतरी म्हणालं आणि ते गावभर झालं. खरं सांगायचं तर आमच्यातल्याही काहीजणी तेव्हा गप्प बसल्या. त्या ताई पुढच्या दोन बैठकांना आल्या नाहीत.

उपकेंद्राच्या आरोग्य सेविका मात्र वही घेऊन घरोघर गेल्या. काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, त्रास कधी सुरू झाला, एवढंच विचारत होत्या. ज्यांना काही झालं नाही त्यांनाही विचारत होत्या, तेव्हा आम्हाला त्याचं नवल वाटलं. वहीतून निघालं ते असं: उशिरा आलेल्या पंगतीला भात पुरला नव्हता. त्यांनी पुरी-भाजी आणि श्रीखंड खाल्लं, आणि त्यातल्या एकालाही उलटी झाली नाही. आणि ज्या ताईंवर आळ आला, त्या सकाळपासून पुऱ्याच लाटत होत्या.

आमच्यातल्या बहुतेकींचं विज्ञान दहावीला सुटलं. मग एकीच्या भाचीचं बी.एस्सी.चं पुस्तक आणून वाचलं, अडलं ते डॉक्टरांना विचारलं. त्यात वाचलं की 1854 साली लंडनमध्ये कॉलरा आला तेव्हा जॉन स्नो नावाच्या डॉक्टरांनी असंच घरोघर विचारून एका सार्वजनिक पंपाचं पाणी कारण असल्याचं शोधलं. पंपाजवळच बिअरचा कारखाना होता, पण तिथले कामगार त्या पंपाचं पाणी पीत नसत, म्हणून ते वाचले. तेव्हा नवल का वाटायला नको होतं, ते आता कळलं. आजारी न पडलेला माणूसही साक्षीदार असतो.

आमचा भात तपासायला उरला नव्हता. पण जेवणानंतर दोन तासांत उलट्या, ताप नाही, एका दिवसात आराम, हे पाहून डॉक्टरांनी ज्या जंतूवर संशय घेतला त्याचं नाव बॅसिलस सीरियस. नाव ऐकून आम्ही त्या परिस्थितीतही हसलो. इंग्रजीतल्या ‘सीरियस’शी त्याचा संबंध नाही, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मेणासारखा.

हा जंतू मातीत असतो, तांदळावर येतो. संकट आलं की तो जाड कवचाचा बीजाणू होऊन बसतो. उन्हाळ्यात रान करपतं, पण गवताचं बी मातीत टिकून असतं, पहिल्या पावसाला उगवतं, तसंच. भात उकळला तरी बीजाणू मरत नाहीत. भात कोमट झाला की ते रुजतात, आणि मग एकाचे दोन, दोनाचे चार. चांगली ऊब मिळाली तर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. आम्ही बैठकीत पाटीवर हिशेब मांडला: एका तासात एकाचे आठ, सात तासांत वीस लाखांच्या वर. व्याजाचा हिशेब करणाऱ्या आम्ही बायका, पण तो आकडा बघून गप्प झालो.

वाढताना हा जंतू भातात विष सोडतो. फोडणी देताना जंतू मरतात, विष राहतं. ते कुकरच्या वाफेलाही दाद देत नाही. ‘उकळलं की सगळं मरतं’ हे आपण आईकडून शिकलो. पाण्याला ते लागू आहे, आठ तास कोमट राहिलेल्या भाताला नाही. वासावरही जाऊ नका. अन्न आंबवणारे जंतू वेगळे, आजारी पाडणारे बरेचदा वेगळे.

दुसरा एक जंतू आपल्याच अंगावर असतो, स्टॅफिलोकोकस. धडधाकट माणसांपैकी तीनांत एकाच्या नाकात तो सापडतो, आणि बोटाच्या पिकलेल्या जखमेत तर हमखास. खवा, बासुंदी, पेढा यांत तो जोमाने वाढतो, आणि त्याचंही विष उकळून जात नाही. म्हणजे हाताला कोणी नीट पाहायचंच असेल तर जखम बघावी. पाळीचा यात काही संबंध नाही.

सगळेच जंतू असे नसतात. अंडी-चिकनमधला साल्मोनेला पूर्ण शिजवल्यावर मरतो. त्याचा त्रास बहुधा सहा तासांनंतर, कधी दोन-तीन दिवसांनी सुरू होतो. टायफॉइडला तर आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून शेवटच्या जेवणावर लगेच खापर फोडू नये.

आता आम्ही भात वाढण्याआधी तासाभरात लावतो. गरम ठेवायचा तर वाफ येत राहील असा, साठ अंशांच्या वर. ठेवायचाच असेल तर परातींत दोन बोटं जाडीचा पसरून लवकर निववतो आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाकतो. फ्रिज नसेल तर उरलेला भात जनावरांना. जिथे जागेवर रांधू देत नाहीत ती ऑर्डर आम्ही नाकारतो. या वर्षी दोन नाकारल्या, पैशांचं वाईट वाटलं.

सगळ्यांत जास्त वाद झाला तो दुसऱ्याच नियमावर. बोट कापलेलं असेल किंवा जुलाब होत असतील तर ती बाई रांधणार नाही, हिशेब बघेल किंवा सामान आणेल. पण तिची मजुरी पूर्ण. ‘काम न करता पैसे का?’ असं काहीजणींनी विचारलं. तेव्हा एक मावशी म्हणाल्या, “पैसे कापले तर मी फडकं गुंडाळून पुऱ्या लाटीन, तुम्हाला सांगायची पण नाही.” ठराव तिथेच मंजूर झाला.

कोणाला उलट्या-जुलाब झालेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, घोट घोट पाजत राहा. दुकानात ओआरएसची पुडी मिळाली तर ती उत्तम. मूल सुस्त झालं, लघवी बंद झाली, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसलं तर थांबू नका, दवाखान्यात न्या. लहान मुलांना जुलाब बंद करायची गोळी आपल्या मनाने देऊ नका.

त्या ताईंच्या घरी आम्ही सगळ्या मिळून गेलो. आधी त्या बोलल्याच नाहीत. चहा दिला, आम्ही प्यायलो, परत आलो. तिसऱ्या खेपेला त्या म्हणाल्या, “येईन, पण गावात सांगा.” म्हणून हे भाषण. आता पातेलं भट्टीवरून उतरलं की झाकणावर खडूने वेळ त्याच लिहितात, आणि वहीतही. ती वही कशी आखली आहे ते बघायचं असेल तर महिन्याच्या बैठकीला या, त्या दाखवतील.