ताओ : शब्द आणि साधना



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्ही 'ताओ : शब्द आणि साधना' असे कळवून टाकले. पत्र पेटीत पडल्यावर मात्र आम्हांला धास्ती वाटू लागली. चीनच्या एका पुरातन तत्त्वज्ञानाविषयी आपण काय सांगणार? चिनी अक्षरांची आमची ओळख कोशापुरती. बाकीचे सारे ज्ञान इंग्रजीच्या वाटेने आलेले. परंतु पुढे विचार केला तेव्हा वाटले, की आमची ही अडचण हाच आजचा विषय आहे. एका देशाची साधना दुसऱ्या देशाच्या शब्दांत शिरते तेव्हा तिचे काय होते, हा प्रश्न घेऊनच आम्ही आपणांपुढे उभे आहो.

प्रारंभ एका ओळखीच्या पाहुण्यापासून करू. चिनी यात्रेकरू ह्युएन्त्संग हा सातव्या शतकात दुसऱ्या पुलकेशीच्या काळी आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला. इथली माणसे मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमान गिळत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले आहे. शाळेच्या पुस्तकात हे वाचून आपण सर्वांनीच छाती फुगविली आहे. पण तो चीनला परत गेल्यावर, इ.स. ६४७ साली, घडलेली एक हकीकत शाळेत कोणी सांगत नाही. कामरूपाचा, म्हणजे आजच्या आसामचा राजा भास्करवर्मा याने चिनी वकिलांजवळ इच्छा व्यक्त केली, की लाओत्सेचा ग्रंथ आम्हांला संस्कृतात वाचावयास मिळावा. चीनच्या सम्राटाने ते काम ह्युएन्त्संगावर सोपविले आणि मदतीला ताओपंथी पंडित दिले. वाद पेटला तो अगदी पहिल्याच शब्दावर. 'ताओ' याला संस्कृतात काय म्हणावे?

ताओपंथी पंडित म्हणाले, 'बोधी' म्हणा. त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. बौद्ध धर्म चीनमध्ये नवा होता, तेव्हा जुन्या भाषांतरकारांनी ताओपंथाचेच शब्द उसने घेतले होते. बोधीला 'ताओ' म्हटले होते, निर्वाणाला 'वू-वेइ', म्हणजे 'अकर्म', म्हटले होते. ह्युएन्त्संगाने मान हलविली. तो म्हणाला, ते दिवस निराळे होते. तेव्हा समज अपुरी होती म्हणून उसनवारी करावी लागली. ताओ म्हणजे वाट, आणि वाटेला संस्कृतात 'मार्ग' हाच शब्द आहे. बोधी म्हणजे जाग. वाट वेगळी आणि जाग वेगळी.

बंधुभगिनींनो, या भांडणात खरे कोणाचे? कोशाच्या दृष्टीने ह्युएन्त्संगाचे खरे. पण चिनी भाषेत 'ताओ'चा अर्थ केवळ वाट एवढाच नाही. 'बोलणे' असाही त्याचा अर्थ आहे, आणि लाओत्सेच्या हाती तो शब्द सर्व वस्तुजातीच्या उगमाला जाऊन पोचतो. 'मार्ग' म्हटले की वाट राहते, उगम गळून पडतो. 'बोधी' म्हटले की भाव उंचावतो, पण लाओत्से बौद्ध होऊन बसतो. ते संस्कृत भाषांतर आज उपलब्ध नाही. असते, तर आपल्या पूर्वजांनी त्यावर भाष्ये लिहिली असती आणि पुन्हा त्या भाष्यांवर वाद घातले असते, यात आम्हांला शंका नाही.

या हकीकतीचा एक धागा मात्र आपण हाती धरून ठेवावा. ताओपंथीयांचा आग्रह होता, की मूळ ग्रंथाबरोबर त्याची पारंपरिक प्रस्तावनाही भाषांतरित व्हावी. तीत दात वाजविणे, लाळ गिळणे असल्या देहसाधनेचा विषय होता. ह्युएन्त्संगाने साफ नकार दिला. परदेशी लोक हे वाचून हसतील, आपल्या देशाची शोभा होईल, असे त्याचे म्हणणे पडले. तत्त्वज्ञानाला परवाना मिळाला, साधनेला नाक्यावरच अडविले. पुढे बाराशे वर्षांनी युरोपात याचीच पुनरावृत्ती झाली.

युरोपातील पंडितांनी लाओत्से हाती घेतला, तेव्हा जो तो आपल्या घरातील शब्द घेऊन पुढे आला. १८२३ साली फ्रान्समध्ये रेम्यूझाला ताओमध्ये ग्रीकांचा 'लोगोस' दिसला. १८४२ साली ज्यूलियँने 'वाट' हा साधा अर्थ पत्करला. १८९१ साली मॅक्सम्यूलरच्या प्राच्यग्रंथमालेत जेम्स लेगने 'ताओ' शब्द तसाच ठेवला. आणि १९११ साली रिचर्ड विल्हेल्म या जर्मन पंडिताने त्याला 'झिन', म्हणजे 'अर्थ', म्हटले. जगाच्या मुळाशी असलेला 'अर्थ'! तर्काने जे गवसत नाही ते कवीच्या कानाला कधी गवसते, तशातला हा शब्द आहे.

या विल्हेल्मविषयी थोडे सांगावयास हवे. जन्म १८७३चा, धंद्याने मिशनरी. १८९९ साली तो त्सिंगताओ या जर्मनांच्या ताब्यातील बंदरी गेला तो धर्मप्रसारासाठी. तेथे शाळा चालविली, चिनी पंडितांच्या पायाशी बसून प्राचीन ग्रंथ वाचले, आणि आपण एकाही चिनी माणसाला बाप्तिस्मा दिला नाही, याचे त्याला समाधान वाटे. ही गोष्ट त्याच्या मित्राने, झुरिकच्या मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने, नोंदवून ठेवली आहे. शिकवावयास गेलेला माणूस शिष्य होऊन परतला. त्याचे गुरू लाओ नाइश्वान यांच्याजवळ बसून त्याने 'इ चिंग' या ग्रंथाचे भाषांतर केले; मध्ये महायुद्ध आले, काम थांबले, पुन्हा सुरू झाले. भाषांतर म्हणजे कोश उघडून शब्दाला शब्द लावणे नव्हे, हे तो माणूस आयुष्य वेचून शिकला होता.

याच विल्हेल्मने ताओपंथी ध्यानाचे एक छोटे पुस्तक जर्मनमध्ये आणले. त्याचे नाव 'सुवर्णपुष्पाचे रहस्य'. मूळ ग्रंथ लू तुंगपिन या सिद्धाच्या नावावर चालतो, परंतु तो सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात भक्तमंडळींच्या बैठकींत उतरला, असे आजचे संशोधक मानतात. त्यात ताओपंथाबरोबर बौद्ध आणि कन्फ्यूशियन विचारही मिसळला आहे. साधनेचे सूत्र एकच : दिवसभर डोळ्यांवाटे बाहेर धावणारा प्रकाश मागे फिरवावा. तो फिरत राहिला म्हणजे आत सोन्याचे फूल उमलते.

१९२८ साली युंग आपल्या घरी एक वर्तुळाकार चित्र काढीत बसला होता. मधोमध सोनेरी कोट. चित्र पुरे झाल्यावर त्याचे त्यालाच वाटले, हे इतके चिनी का दिसते? थोड्याच दिवसांत विल्हेल्मचे पत्र आले, सोबत 'सुवर्णपुष्पा'चे हस्तलिखित. अनेक वर्षे एकट्याने मनाच्या तळघरात चाचपडणाऱ्या त्या माणसाला वाटले, आपल्याला सोबती भेटला. १९२९ साली पुस्तक प्रसिद्ध झाले : भाषांतर विल्हेल्मचे, भाष्य युंगचे. पुढच्याच वर्षी विल्हेल्म वारला.

या भाष्याने ताओच्या ध्यानाला पश्चिमेत प्रतिष्ठा मिळवून दिली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याबरोबर काय झाले तेही पाहावे. चिनी समजुतीप्रमाणे प्रत्येक माणसात 'हुन' आणि 'फो' असे दोन आत्मे असतात. पहिला हलका, उजळ, वर जाणारा. दुसरा जड, देहाला चिकटलेला. विल्हेल्मने त्यांना 'अ‍ॅनिमस' आणि 'अ‍ॅनिमा' हे लॅटिन शब्द दिले. आता हेच दोन शब्द युंगच्या शास्त्रात अगदी वेगळ्या कामावर नेमलेले होते : स्त्रीच्या मनातील पुरुष आणि पुरुषाच्या मनातील स्त्री. साहजिकच युंगला मित्राशी हुज्जत घालावी लागली, की 'हुन'ला 'लोगोस' म्हणणे बरे. पाहा बरे! शंभर वर्षांपूर्वी रेम्यूझाने दारातून आणलेला 'लोगोस' युंगने खिडकीतून आत घेतला. चिनी साधकाचे दोन आत्मे बिचारे बाहेरच उभे राहिले.

दुसरी गोष्ट याहून मोठी. त्या ग्रंथात श्वास आहे, बसण्याची रीत आहे, डोळे किती मिटावे हे आहे, देहाच्या आत घडणाऱ्या सूक्ष्म किमयेचे वर्णन आहे. साधकाला मृत्यूपलीकडे टिकणारे असे काही घडवावयाचे आहे. युंगने हे सारे मनाच्या विकासाची चिन्हे म्हणून वाचले. त्यात त्याचा प्रामाणिकपणा असा, की युरोपियनांनी या साधनेची नक्कल करू नये, आपल्या मनातूनच आपली वाट काढावी, असे त्याने बजाविले. परंतु परिणाम तोच झाला. ह्युएन्त्संगाने लाजेखातर देह वगळला, युंगने शास्त्राखातर. पुढे १९९१ साली टॉमस क्लीअरी या अमेरिकन भाषांतरकाराने हा ग्रंथ चिनीतून नव्याने इंग्रजीत आणला आणि विल्हेल्मची प्रत अपुरी व अर्थ ठिकठिकाणी चुकलेले आहेत, असा आक्षेप घेतला. वाद अजून मिटलेला नाही.

येथवर दुसऱ्यांच्या चुका सांगून झाल्या. आता आमची स्वतःची सांगतो, कारण ती सांगितल्यावाचून या व्याख्यानाला अर्थ नाही.

काही वर्षांपूर्वी जुन्या पुस्तकांच्या दुकानात विल्हेल्मच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर आमच्या हाती लागले. वाचीत असताना एके ठिकाणी नाकाच्या शेंड्याचा उल्लेख आला आणि आम्ही उडालोच. 'अरे, हे तर गीतेच्या सहाव्या अध्यायातले नासिकाग्र!' आमचा आनंद गगनात मावेना. सगळे आपलेच आहे, चिन्यांनी वेगळे ते काय सांगितले, अशा थाटात पुस्तक मिटून आम्ही पहाटे घोंगडीवर बसलो आणि नाकाच्या शेंड्याकडे टक लावली. तीन आठवडे हा उद्योग चालला. सोन्याचे फूल राहिले बाजूला, डोके मात्र ठणकू लागले. घरातून विचारणा झाली, 'अहो, हे ध्यान की शिक्षा?' आमच्यापाशी उत्तर नव्हते.

नाइलाजाने पुस्तक पुन्हा उघडले. तेव्हा दिसले, की जिथे आम्ही आनंदाने पुस्तक मिटले, तिथेच पुढे खुलासा होता. ग्रंथकार म्हणतो त्याचा आशय असा : नाक हे पाहण्याची वस्तू नव्हे, गवंड्याचा ओळंबा जसा, तसे ते आहे. गवंडी ओळंबा सोडतो आणि भिंत बांधतो. दिवसभर ओळंब्याकडेच पाहत बसत नाही. डोळे फार उघडले तर मन बाहेर पळते, फार मिटले तर गुंगी येते. मधला बेत साधावा म्हणून ही खूण. बस्स, एवढेच! विल्हेल्मने हे नीट सांगितले होते. चूक त्याची नव्हती. चूक आमच्या ओळखीची होती. 'हे आपलेच' असे म्हटले, आणि पुढचे वाचण्याची गरजच आम्हांला उरली नाही.

पण कथा इथे संपत नाही. मनात शंका आली म्हणून आम्ही गीतेवरील शांकरभाष्य काढले. आचार्य तेथे म्हणतात, की नाकाचा शेंडा पाहणे हे येथे सांगितलेलेच नाही. दृष्टी बाहेर न धावता स्थिर व्हावी, एवढाच अभिप्राय. म्हणजे जी गोष्ट आमच्या घरात हजार-बाराशे वर्षे लिहिलेली होती, ती आम्हांला वाचावयास एका चिनी ग्रंथाने, एका जर्मन मिशनऱ्याने आणि तीन आठवड्यांच्या डोकेदुखीने भाग पाडले!

यातून आम्ही जे शिकलो ते आपणांपुढे ठेवतो. परक्या विचाराशी वागण्याच्या दोन रीती सोप्या आहेत. एक, 'हे काहीतरीच' म्हणून हसावे. दुसरी, 'हे आमचेच' म्हणून मिठी मारावी. दोहोंत ऐकण्याचा त्रास वाचतो. पहिली रीत आता सुशिक्षितांत फारशी राहिलेली नाही. धोका आहे तो दुसरीचा. ताओ म्हणजे ब्रह्म, वू-वेइ म्हणजे निष्काम कर्म, सुवर्णपुष्प म्हणजे कुंडलिनी, अशी समीकरणे मांडून आपण मोकळे होतो. समीकरण मांडले की प्रश्न सुटतो हे गणितात ठीक आहे. तत्त्वज्ञानात तिथे प्रश्न सुरू व्हावयास हवा. साम्य खोटे असते असे आमचे म्हणणे नाही. साम्य हे दार आहे. परंतु दारातच पाट मांडून जेवावयास बसू नये, एवढेच म्हणणे.

मग करावे काय? पाहुण्याला आपण नाव विचारतो, आपल्या घरातले नाव त्याला ठेवीत नाही. तसे काही दिवस 'ताओ'ला ताओच म्हणावे. त्याचे भाषांतर चार प्रकारांनी झाले असेल, तर चारही जवळ ठेवून वाचावे. जिथे ती एकमेकांपासून फुटतात तिथे थांबावे, कारण मूळ शब्दाची खोली तिथे असते. आणि साधनेचा ग्रंथ असेल, तर देहाविषयी तो काय सांगतो ते वगळू नये, आणि जाणत्याला विचारल्यावाचून करूही नये. आमचे डोके ठणकण्यावर निभावले. प्रत्येकाचे तेवढ्यावर निभावेलच असे नाही.

भास्करवर्म्याला हवा असलेला ग्रंथ आज ग्रंथालयाच्या कपाटात आपल्या हाताशी आहे. राजाला जे दुर्मिळ होते ते आपल्याला ग्रंथालयाच्या वर्गणीइतके सोपे झाले आहे. सोपे झाले म्हणून ते समजले, असे मात्र आपण मानू नये. उद्या सकाळी ज्यांना बसावयाचे असेल त्यांनी खुशाल बसावे. नाकाकडे पाहण्याचे कारण नाही. ओळंबा सोडलेला आहे. भिंत बांधावयाची आहे.