नळांचे नकाशे

दिग्रससारख्या गांवीं एखाद्या गल्लींत जमिनीखालचा नळ फुटला, म्हणजे तो नेमका कोठून गेला आहे हें विचारण्यासाठीं पुष्कळदां जुन्या माणसालाच शोधावें लागतें. तो आठवणीनें बोट दाखवितो, आणि तेथें खणावयास लागतात. पाण्याच्या बाबतींत एवढ्यानें निभावतें. फार तर दोन खड्डे अधिक पडतात. परंतु ज्या नळांतून ऊन तेल, दाबाखालची वाफ किंवा पेट घेणारा वायु वाहतो, तेथें कोणाच्या आठवणीवर विसंबून चालत नाहीं.

मुंबईच्या माहुल-ट्रॉम्बे भागांत १९५४ सालीं स्टॅनव्हॅकचा व १९५५ सालीं बर्मा-शेलचा असे तेल शुद्ध करण्याचे दोन कारखाने सुरू झाले. आज ते अनुक्रमें हिंदुस्थान पेट्रोलियम व भारत पेट्रोलियम या कंपन्यांकडे आहेत. दुरून पाहणाऱ्यास असा कारखाना म्हणजे नळांचें रान वाटतें; पण त्यांतील प्रत्येक नळ आधीं कागदावर उमटलेला असतो. प्रथम कोणता पदार्थ कोठून निघून कोठें जातो एवढाच आराखडा होतो. मग नळ व मापकयंत्रें यांचा नकाशा काढतात. त्यांत एकही व्हॉल्व्ह किंवा पंप सुटत नाहीं, आणि प्रत्येक नळास स्वतःचा क्रमांक मिळतो. त्या क्रमांकावरून नळाची रुंदी, त्याचा धातु, आंतील द्रव, उष्णता व दाब हें सर्व एका यादींत सांपडतें. शेवटीं प्रत्येक नळाचें तिरकस चित्र काढतात. त्यांत एकूण एक वळण व सांधा दाखविलेला असतो. फिटरच्या हातीं जातें तें हेंच.

पोलादाचा दहा मीटर लांबीचा नळ शंभर अंशांनीं तापला, तर सुमारें बारा मिलिमीटरनें वाढतो. दोन्ही टोकें घट्ट जखडलेलीं असतील तर तो वांकतो, नाहीं तर सांधा तोडतो. म्हणूनच वाफेचे लांब नळ मध्येंच चौकोनी वळसा घेतांना दिसतात. अजाण माणसास तो लोखंडाचा अपव्यय वाटतो!

इंग्लंडांतील फ्लिक्सबरो येथें सायक्लोहेक्झेन नांवाच्या ज्वालाग्राही द्रवावर प्रक्रिया करणारीं सहा मोठीं पात्रें ओळीनें जोडलेलीं होतीं. १९७४ च्या मार्चमध्यें पांचव्या पात्रास चीर पडली. तें काढून चौथें व सहावें पात्र तात्पुरत्या नळानें जोडण्यांत आलें. मूळ तोंडें अठ्ठावीस इंचांचीं, नळ वीस इंचांचा. त्याचा नकाशा म्हणून जें कांहीं होतें, तें कारखान्याच्या फरशीवर खडूनें काढलेलें चित्र. नळास बांक होता व दोन्ही टोकांस लवचिक भाते होते. दाबामुळें त्या बांकावर येणाऱ्या जोराचा हिशेब कोणी मांडला नाहीं. १ जून १९७४ रोजीं तो तुटला, बाहेर पडलेल्या वाफेचा ढग पेटला, आणि अठ्ठावीस माणसें मृत्युमुखीं पडलीं. शनिवार असल्यामुळें कचेरी जवळजवळ रिकामी होती, हेंच नशीब.

आतां अशा कारखान्यांत नळ बदलावयाचा झाल्यास आधीं लेखी परवानगी घ्यावी लागते. काम संपल्यावर झालेला फरक नकाशाच्या प्रतीवर लाल पेन्सिलीनें दाखवितात. नकाशे काढणारा तो मूळ नकाशांत उतरवितो, त्यावर नवी तारीख घालतो, आणि जुन्या प्रती मागें घेतल्या जातात. हें काम कंटाळवाणें, म्हणून तेंच अधिक रेंगाळतें. दिग्रसचा एखादा तरुण फिटर होऊन अशा कारखान्यांत लागला, तर हातीं आलेल्या नकाशाच्या कोपऱ्यांतील ती तारीख त्यानें पान्याला हात घालण्यापूर्वीं पाहावी.