फोनमधला भाव आणि काट्यावरचा भाव

(नागपूर येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



सकाळपासून कर्ज, वीजबिल आणि कापूस खरेदी यांवर बोलणे झाले. आता जेवणाची वेळ होत आली असताना आम्ही वर्तमानपत्र, रेडिओ आणि फोन हा विषय काढतो आहोत, म्हणून काही जण घड्याळाकडे पाहू लागले आहेत. त्या धंद्यात काय उलथापालथ चालली आहे ती मुंबई-पुण्याच्या लोकांनी पाहावी, कोरडवाहूवाल्याचा तिच्याशी काय संबंध, असे मनात येणारच. संबंध आहे. २०२२ च्या हंगामात त्या उलथापालथीची किंमत आपण कापसात मोजली आहे.

आठवा. २०२१-२२ मध्ये कापूस कधी नव्हे तो दहा हजारांच्या वर गेला. गेला कधी? उलंगवाडी झाल्यावर, म्हणजे बहुतेकांचे घर रिकामे झाल्यावर. म्हणून पुढच्या साली आपण ठरवले की यंदा घाई करायची नाही. दिवाळीनंतर बाजार आठ-नऊ हजारांच्या घरात होता. त्या वर्षीचा हमीभाव लांब धाग्याला ६,३८० आणि मध्यम धाग्याला ६,०८० रुपये होता, तेव्हा बाजार काही पडलेला नव्हता. पण फोन उघडला की लाल अक्षरे, वर जाणारा बाण आणि 'कापूस बारा हजार, विकू नका'. आपण नाही विकला. माजघरात कापूस आणि ओसरीत माणसे, असा मुक्काम झाला. उन्हाळा लागला, लेकरांच्या अंगाला खाज सुटली, मालात घट आली, सोसायटीच्या वसुलीची तारीख डोक्यावर आली, आणि मे महिन्यात सात हजारांच्या आसपास विकून मोकळे झालो.

शेतकऱ्याने लोभ केला, असे तेव्हा शहाण्यांनी लिहिले. माल राखून ठेवण्याला व्यापार म्हणतात, आणि व्यापाऱ्याने केला तर त्याला कोणी लोभ म्हणत नाही. थांबण्याबद्दल आम्हाला काहीच म्हणायचे नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की थांबा म्हणून सांगणारा कोण होता, आणि त्याचा अंदाज चुकला तेव्हा त्याच्या खिशातून काय गेले? काहीही गेले नाही. उलट जितके दिवस आपण आशेने फोन उघडत राहिलो तितके दिवस त्याची कमाई चालू राहिली. ही कमाई कशी होते, ते नीट समजून घेऊ.

आधी जुने दिवस. नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. गावात एखाद-दुसरा रेडिओ, त्यालाही पोस्टातून परवाना काढावा लागे. संध्याकाळी बाजारभाव आणि हवामान लागले की ओट्यावर पंधरावीस माणसे जमत. एकाने ऐकले तेच दुसऱ्याने ऐकलेले असे. भाव चुकीचा सांगितला तर परवा हिंगणघाटला जाऊन आलेला माणूस तिथेच सांगे, 'खोटे आहे, मी स्वतः पाहिले.'

१९५६ मध्ये याच गोष्टीचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रात झाला. युनेस्कोच्या मदतीने पुणे आकाशवाणीने पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रवणमंडळे काढली. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, शेतकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर वाद घालायचा आणि राहिलेले प्रश्न पुण्याला पाठवायचे. त्या प्रश्नांना रेडिओवरून उत्तर मिळे. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली, तेव्हा मंडळे असलेल्या गावांतल्या लोकांच्या माहितीत मोठी भर पडल्याचे दिसले. पुढे ही योजना देशभर नेली आणि, सरकारी योजनांचे होते तसे, तिचे कागद झाले.

म्हणून रेडिओचे गोडवे गायला आम्ही उभे नाही. तो सरकारचा आवाज होता. खत किती टाकावे हे तो रोज सांगे; निर्यातबंदीने भाव का पडला, हे सांगत नसे. रस्त्यावर हजारो शेतकरी बसलेले असताना त्या आवाजाला ते दिसत नसत. १९८८ च्या मे महिन्यात नागपूरहून राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. एक हजार किलोवॉटचे प्रक्षेपण यंत्र, रात्री देशाच्या मोठ्या भागात ऐकू येई. नागपूर देशाच्या मध्यावर, म्हणून मनोरा इथे. कार्यक्रम मात्र दिल्लीत तयार होत. भोंगा आपल्या वावरात आणि तोंड दिल्लीचे. २०१९ च्या सुरुवातीला ती वाहिनीही बंद झाली आणि गावात कोणाला त्याचा पत्ताही लागला नाही, कारण तोपर्यंत सगळ्यांच्या माना फोनमध्ये गेल्या होत्या. खासगी एफएम रेडिओ आले खरे, पण त्यांना आजही स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नाही. आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा लावायच्या. गाणी मोकळी, बातमी बांधलेली!

आता वर्तमानपत्र. नागपूर हे वर्तमानपत्रांचे गाव. 'हितवाद' इथे १९११ मध्ये निघाला, 'लोकमत' १५ डिसेंबर १९७१ पासून नागपुरातून दैनिक झाला. या धंद्याचा हिशेब कापूसवाल्याला लगेच कळेल. जिनिंगमध्ये कापसाची रुई आणि सरकी वेगळी होते. वर्तमानपत्रातही दोन माल निघतात. एक बातमी, ती वाचकाला विकतात. दुसरा माल म्हणजे वाचक, तो जाहिरातदाराला विकतात. अंक जितक्या पैशात आपण घेतो तितक्यात त्याचा कागद आणि छपाईसुद्धा निघत नाही. बाकीचा खर्च जाहिरातीतून. तालुक्याच्या वार्ताहराला पगार थोडा किंवा नाहीच. त्याने आणलेल्या जाहिरातीवर त्याला कमिशन. मग बियाण्याच्या कंपनीविरुद्ध किंवा बाजार समितीच्या सभापतीविरुद्ध बातमी द्यायची तर त्याच्या हाताला कापरे का भरते, हे वेगळे सांगायला नको.

तरी त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती. छापलेल्या अंकावर संपादकाचे नाव आणि छापखान्याचा पत्ता असतो. चुकीचे छापले तर जाब विचारायला जाता येते. आपण गेलोही आहोत.

२०१५ मध्ये एक जीबी डेटाला सरासरी सव्वादोनशे रुपयांच्या आसपास पडत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, आणि २०१८ मध्ये तोच दर बारा रुपयांच्याही आत उतरला; हे ट्रायचे आकडे आहेत. शेतकऱ्याच्या कामाची एखादी वस्तू इतकी स्वस्त झालेली आमच्या तरी आठवणीत नाही. त्यानंतर २०२० च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत राज्य सरकारने घरोघर वर्तमानपत्र टाकायला बंदी केली. पत्रकारांच्या संघटना नागपूर खंडपीठात गेल्या, सरकारने काही दिवसांत बंदी बरीच सैल केली. पण त्या दिवसांत पुष्कळांची अंकाची सवय मोडली ती मोडलीच. २०२४ मध्ये देशातल्या माध्यमांच्या आणि करमणुकीच्या धंद्यात डिजिटलने पहिल्यांदा टीव्हीला मागे टाकले. फिक्कीच्या अहवालात त्याचा वाटा ३२ टक्के दिला आहे. जाहिरातीचा पैसा तिकडे वळला की तालुक्याच्या वार्ताहराचे उरलेसुरले कमिशनही तिकडेच जाते.

फोनमध्ये वाचकाला विकण्याची रीत बदलली. वर्तमानपत्र लाख वाचकांचा एकच गठ्ठा विकत असे. फोनवाली कंपनी एकेक माणूस सुटा विकते, आणि तोही क्षणाक्षणाला, लिलावात. तुम्ही काय पाहता, कुठे थांबता, किती वेळ थांबता, याची नोंद होते. जास्त वेळ थांबवून धरील तो व्हिडिओ पुढे सरकवला जातो. व्हिडिओ करणाऱ्याला जाहिरातीतला वाटा मिळतो तो किती जणांनी पाहिले यावर. भाव बरोबर सांगितला म्हणून एक पैसा जास्त मिळत नाही, चुकला म्हणून एक पैसा कापला जात नाही. 'आज बाजार कालच्याएवढाच' हे खरे असले तरी कोण पाहणार? बारा हजार पाहतात. मंदीत बसलेल्या माणसाला तेजीचे बोल गोड लागतात, हे त्या यंत्राला आपल्या बायकोपेक्षा आधी कळते.

बरे, बारा हजार हा आकडा दर वेळी हवेतला असतो असेही नाही. पणन मंडळ रोज भाव देते ते तीन असतात : किमान, कमाल आणि सर्वसाधारण. कमाल भाव एखाद्याच गाडीला लागलेला असू शकतो. मुहूर्ताच्या गाडीला हार घालून, नारळ फोडून दिलेला भाव तर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. दुसऱ्या दिवशी तो व्यापारी त्या भावाचे नावही काढत नाही. व्हिडिओवाला तेवढाच आकडा उचलतो. खोटे बोलल्याचा आरोप त्याच्यावर ठेवता येत नाही आणि आपला कापूस घरात राहतो.

दोन भाऊ एका घरात राहतात. एकाने तेजीचा व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, त्याला रोज तेजी दिसते. दुसऱ्याने मंदीचा पाहिला, त्याला मंदी. बाजार एकच, वावर एकच, आणि जेवताना भांडण. ओट्यावर हे होत नव्हते.

आणि ज्वारी? ज्वारीच्या भावावर किती व्हिडिओ पाहिलेत? पेरा घटला, पाहणारे थोडे, म्हणून सांगणाऱ्याला मिळकत नाही. डुकरांनी आणि पाखरांनी सोडलेली ज्वारी या नव्या बाजारानेही टाकली. हवामानाचेही तेच. खात्रीचा अंदाज नेहमी 'शक्यता' म्हणतो, म्हणून तो मागे पडतो. छातीठोक तारीख सांगणारा पुढे जातो. त्यात जिल्हा पातळीवरची कृषी हवामान केंद्रे २०२४ मध्ये बंद करण्यात आली. एकीकडे गलका वाढला आणि दुसरीकडे जो खात्रीचा आवाज होता तो गेला.

गलक्याने काय होते याचा सर्वांत वाईट दाखला महाराष्ट्रातच आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसे. मोबाइलवरून फिरलेल्या अफवेने ती गेली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने एकावेळी पाच ठिकाणांहून अधिक पुढे पाठवण्यावर बंधन घातले. मारणारी माणसे आपल्यासारखीच शेतात राबणारी होती, हे विसरून चालणार नाही.

मग फोन फेकायचा काय? मुळीच नाही. जून २०१७ मध्ये पुणतांब्याहून निघालेला शेतकरी संप राज्यभर पसरला, त्यात या फोनचा मोठा हात होता. पूर्वी आकाशवाणीने दोन ओळीही दिल्या नसत्या. आम्हाला सरकारचे नियंत्रणही नको. आज जे अफवा रोखायचा कायदा मागतात ते उद्या त्याच कायद्याने आपल्या सभेचे चित्रण रोखतील.

पण नुसती माहिती मिळाली की भाव मिळतो, हेही खरे नाही. २००७ मध्ये रॉयटर्सने महाराष्ट्रातच शेतकऱ्यांना एसएमएसने भाव आणि हवामान देण्याची सेवा काढली होती. फाफशाँ आणि मिंटन या अर्थशास्त्रज्ञांनी आपल्या राज्यातल्या शंभर गावांत तिची परीक्षा घेतली. काही गावांना सेवा दिली, काहींना नाही. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की शेतकऱ्याला मिळालेल्या भावात सरासरी म्हणण्यासारखा फरक पडला नाही. त्यात कांदा, टोमॅटो, सोयाबीन अशी पिके होती, कापूस नव्हता. तरी आपल्याला ते पटते. वणीचा भाव दोनशेने जास्त आहे हे कळले तरी गाडीभाडे कोण देणार, आणि ज्याची उचल घेतली तो अडत्या माल बाहेर जाऊ देणार का? विकायला मोकळीक आणि थांबायला पैसा असेल, तरच माहितीचे रुपये होतात.

तरीही जी माहिती हवी ती निदान आपली असावी, आणि ती आपल्या खिशात पडलेली आहे. माल काट्यावर गेला की सौदापट्टी मिळते. तारीख, बाजार, वजन, भाव, कपात, सगळे तिच्यावर असते. प्रत्येक तालुक्याने आपला एक गट करावा, त्यात फक्त या पट्ट्यांचे फोटो टाकावेत. नाव आणि खाते क्रमांक झाकून. शुभेच्छा, देवाचे फोटो आणि तेजीचे व्हिडिओ त्यात नकोत. जो टाकील त्याने पुढच्या बैठकीचा चहा द्यावा. आठवड्यातून एकदा पारावर बसून त्या पट्ट्या मोठ्याने वाचाव्यात, म्हणजे ज्यांच्याकडे फोन नाही त्या बाया-माणसांनाही कळेल आणि खोटी पट्टी असेल तर जागच्या जागी पकडली जाईल. खेडा खरेदीत पट्टी देतच नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. तिथे साध्या कागदावर भाव आणि वजन लिहून सही मागा. सही दिली नाही तर तेवढेच गटात लिहा.

काटोल, सावनेर आणि हिंगणा तालुक्यांच्या कार्यकर्त्यांनी जेवणानंतर थांबावे, त्यांच्यापासून सुरुवात करू. ज्वारीची पट्टी असेल तर तीही आणा, एक असली तरी.