मरीचझापी : निर्वासितांना कोणी विचारले होते?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निर्वासितांचा विषय निघाला की आपल्याकडे दोन सूर लागतात, एक दयेचा आणि दुसरा भीतीचा. दया कपडे आणि धान्य वाटून थांबते. भीती सीमेवर कुंपण घालू पाहते. ज्याचे घरदार गेले त्या माणसाने कोठे राहावे, कसे जगावे याचा स्वतः काही विचार केला असेल, हे दोन्ही सुरांच्या गावी नसते. मरीचझापीच्या निर्वासितांनी आपला विचार कृतीने मांडला, आणि तो चिरडला एका डाव्या सरकारने. म्हणून हे प्रकरण कार्यकर्त्यांनी मुळापासून समजून घ्यावे असे मला वाटते.

हे लोक मूळचे पूर्व बंगालमधील खुलना, जेसोर, फरीदपूर, बारिसाल या भागांतले. त्यांतले बहुसंख्य नमशूद्र, म्हणजे अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीचे. नद्या-खाड्यांच्या मुलखात भातशेती आणि मासेमारी करून जगणारे. महाराष्ट्रावर त्यांचे एक ऋण आहे. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मुंबई प्रांतातून घटना समितीवर जाता आले नाही. ते बंगालमधून निवडून गेले, आणि त्यासाठी नमशूद्रांचे नेते जोगेंद्रनाथ मंडल यांनी जिवाचे रान केले. फाळणीनंतर मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले. परंतु १९५० च्या दंगलींनंतर त्यांनाही मंत्रिपद सोडून भारतात यावे लागले. नेत्याच्या वाट्याला जे आले तेच पुढे लाखो अनुयायांच्या वाट्याला आले.

सगळे निर्वासित मात्र सारखे नव्हते. फाळणीच्या सुमारास जे सुशिक्षित, बहुतांशी सवर्ण लोक आले, त्यांची कोलकात्यात नातीगोती होती. जादवपूरच्या परिसरातील मोकळ्या जमिनी ताब्यात घेऊन त्यांनी वसाहती उभारल्या आणि संघटनेच्या बळावर त्या टिकवल्या. या लढ्यात डावे पक्ष त्यांच्या पाठीशी होते, आणि या वसाहतींतच डाव्यांची ताकद वाढली. मागाहून आलेल्या गरीब शेतकरी-कोळ्यांना मात्र सरकारी छावणीखेरीज थारा नव्हता. पश्चिम पाकिस्तानातून आलेल्यांना मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई देणारा कायदा १९५४ साली झाला. पूर्वेकडून आलेल्यांना त्याचा लाभ नव्हता, कारण १९५० च्या नेहरू-लियाकत करारात ही माणसे माघारी जातील असे धरून चालले होते. ती माघारी गेली नाहीत. येतच राहिली.

१९५८ साली दंडकारण्य प्रकल्प सुरू झाला. कोरापुट, कालाहंडी आणि बस्तरच्या जंगलात, आदिवासींच्या मुलखात, या लोकांना नेऊन वसवण्याचे ठरले. पाण्यात वाढलेल्या माणसांना कोरडवाहू, खडकाळ माळ देण्यात आला. या प्रकल्पाचे अध्यक्षपद भूषवलेले शैबालकुमार गुप्ता यांनी १९६५ साली ‘इकॉनॉमिक वीकली’मध्ये लेखमाला लिहून, या जमिनीवर कुटुंबांचे पोट भरणे किती अवघड आहे ते दाखवून दिले होते. विरोधी बाकांवर असताना बंगालमधील डाव्या पक्षांनीही निर्वासितांना राज्याबाहेर पाठवण्यास विरोध केला होता. त्यांना बंगालमध्येच वसवा, अशी त्यांची मागणी होती.

१९७७ साली बंगालमध्ये डाव्या आघाडीचे सरकार आले. दंडकारण्यातील लोकांनी त्या जुन्या मागणीवर विश्वास ठेवला. १९७८ च्या पूर्वार्धात एक लाखाहून अधिक माणसे किडूकमिडूक विकून बंगालकडे निघाली. सरकारने बहुतेकांना वाटेतूनच परत धाडले. तरीही सुमारे तीस हजार लोक सुंदरबनातील मरीचझापी बेटावर पोहोचले. सरकारकडून छदामही न घेता त्यांनी तेथे बांध घातले, झोपड्या उभारल्या, शाळा व दवाखाना काढला, मासेमारी आणि होड्या बांधण्याचे काम सुरू केले. पुनर्वसन खात्याला वीस वर्षांत जे साधले नव्हते ते त्यांनी वर्षभरात करून दाखवले.

सरकारचे म्हणणे असे, की हे राखीव जंगल आहे, आणि एकांना मुभा दिली तर बाकीचेही येतील. जंगल राखणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. पण याच माणसांना वसवण्यासाठी दंडकारण्यातील जंगल तोडले गेले तेव्हा हा विचार कोणाला आडवा आला नव्हता. आणि समजा सरकारचे म्हणणे रास्त होते, तरी त्यावर उपाय बोलणी हा होता. सरकारने २४ जानेवारी १९७९ रोजी जमावबंदी पुकारली. पोलिसांच्या लाँचेसनी बेटाला वेढा घातला. अन्न आणि पिण्याचे पाणी तोडले. त्याच आठवड्यात देशभर प्रजासत्ताक दिन साजरा झाला. ३१ जानेवारीला गोळीबार झाला, आणि मे महिन्याच्या मध्याला झोपड्या जाळून लोकांना हुसकावून लावण्यात आले. सरकारने गोळीबारात दोन मृत्यू मान्य केले. उपासमारीने, रोगराईने आणि पोलिसी कारवाईत मेलेल्यांचे इतर अंदाज शेकड्यांपासून हजारांपर्यंत जातात. सर्वमान्य आकडा आजही नाही. ज्यांची जिवंतपणी गणती नव्हती, त्यांची मेल्यावर तरी कोण करणार?

केंद्रात त्या वेळी जनता पक्षाचे सरकार होते, आणि समाजवादी त्या सरकारात होते. जनता पक्षाच्या खासदारांनी बेटाला भेटही दिली. पण केंद्राने ही कारवाई थांबवली नाही. तेव्हा या प्रकरणात केवळ साम्यवाद्यांकडे बोट दाखवून समाजवाद्यांना मोकळे होता येणार नाही. वर्गाची भाषा बोलणारा पक्ष सत्तेवर आल्यावर भूमिहीन दलिताशी कसा वागतो, हीच त्या भाषेची कसोटी आहे.

हा प्रश्न बंगालपुरता नाही. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात, चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत, याच निर्वासितांची गावे आहेत. नमशूद्र ही जात पश्चिम बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. सरकारने माणसे एका राज्यातून दुसऱ्यात नेली. दाखला मागे राहिला, जात मात्र बरोबर आली.

पुढे २००३ च्या नागरिकत्व दुरुस्तीने कागदपत्रे नसलेल्यांना ‘बेकायदा स्थलांतरित’ ठरवले. २०१९ च्या दुरुस्तीने त्यांतल्या काहींना दार उघडले, पण धर्म पाहून. तिचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. नमशूद्रांना नागरिकत्व मिळावे, याबद्दल दुमत असूच शकत नाही. परंतु त्यांचे दुःख खरे ठरवण्यासाठी रोहिंग्या मुसलमानाचे किंवा श्रीलंकेतून आलेल्या तमिळाचे दुःख खोटे ठरवण्याचे कारण नाही. छळ झाला काय, एवढेच विचारले पाहिजे. भारताने १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर आजही सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे कोणाला आसरा द्यायचा हे त्या त्या वेळच्या सत्ताधाऱ्यांच्या मर्जीवर राहते.

म्हणून आपण तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. निर्वासितांसाठी धर्मनिरपेक्ष कायदा व्हावा. राज्य बदलले तरी अनुसूचित जातीचा दर्जा निर्वासितासोबत जावा, आणि याची सुरुवात गडचिरोलीपासून व्हावी. तिसरी मागणी सर्वांत महत्त्वाची : सरहद्दीने उखडलेला असो वा धरणाने, कोणत्याही विस्थापिताचे पुनर्वसन कोठे व कसे व्हावे हे त्याच्या संमतीवाचून ठरू नये, आणि ज्यांच्या जमिनीवर त्याला वसवायचे त्या आदिवासींच्या संमतीवाचूनही ठरू नये.

मरीचझापीच्या लोकांनी सरकारकडे पैसा मागितला नव्हता. आमचे आम्हाला वसू द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. उद्या आपल्या हाती सत्ता आली, आणि अशीच माणसे आपल्या दारी आली, तर आपण काय करू, याचे उत्तर आजच आपल्या जाहीरनाम्यात लिहून ठेवले पाहिजे.