घरगुती मेजवानीस जिंजर बियर

वैशाखांत येडशीस पाहुणे यावयाचे असले, म्हणजे यजमानास जेवणाआधीं गार पेयाची चिंता पडते. घरीं जिंजर बियर करणें सोपें आहे. कठीण आहे तें तिला वेळेवर आवरणें.

दोन लिटर कोमट पाण्यांत पाव किलो साखर, दोन मोठे चमचे किसलेलें आलें, दोन लिंबांचा रस व चिमूटभर यीस्ट घालावें. यीस्ट साखर खाऊन कर्बाम्ल वायु सोडतें. फसफस येते ती त्याचीच. मिश्रण बाटलींत भरतांना वर चार बोटें जागा ठेवावी. थंड मुलुखांतील कृती बाटली दोन दिवस बाहेर ठेवावयास सांगतात. बालाघाटाच्या उन्हाळ्यांत तसें केल्यास कांचेची बाटली फुटून कोणाच्या डोळ्यास इजा व्हावयाची! म्हणून प्लॅस्टिकचीच बाटली घ्यावी, दर कांहीं तासांनीं दाबून पाहावी, आणि टणक लागतांच फ्रिजमध्यें ठेवावी. उघडावयाची तीही गार झाल्यावर, हळूहळू.

मग गाळून घ्यावी. पेल्यांत बर्फ, दोन चमचे कोकमाचा पाक व वरून जिंजर बियर. पुदिना असल्यास उत्तमच. सैंधव नखभरच टाकावें, नाहींतर सारा फेस टेबलावर! अमेरिकेंत १९४० च्या सुमारास हिच्यांत व्होडका व लिंबू मिसळून ‘मॉस्को म्यूल’ निघालें. आपल्या बैठकीस कोकम पुरे.

मात्र आंबविलेल्या पेयांत थोडा मद्यांश उतरतो, हें पाहुण्यांस आधींच सांगावें. मुलांसाठीं व ज्यांस तो वर्ज्य त्यांच्यासाठीं आल्याचा पाक, लिंबू व सोडा यांचें ताजें पेय निराळ्या भांड्यांत करावें. रामलिंगाचें दर्शन घेऊन आलेल्या मंडळींपुढें तर हेंच भांडें आधीं न्यावें.