कामगाराचा हात आणि संशोधनाची नोंदवही

(भिवंडीतील धामणकर नाका येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



यंत्रमाग कामगाराच्या प्रश्नांची यादी केली तर मीटरमागे मिळणारा दर, बारा तासांची पाळी, बोनस आणि राहती खोली या गोष्टी तीत ओघानेच येतात. हाताच्या शस्त्रक्रियेतील वैद्यकीय संशोधन हा विषय मात्र त्या यादीत कधी येत नाही. तो डॉक्टरांचा, फार तर मोठ्या रुग्णालयांचा विषय आहे असे मानले जाते. ही समजूत चुकीची आहे आणि ती कामगार चळवळीला महाग पडत आहे, एवढेच प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

या नाक्याच्या परिसरातच पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे कोसळली. मृतांची गणना झाली, गुन्हा दाखल झाला, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. मृत्यूची नोंद ठेवणे शासनाला भाग पडते. परंतु मागाच्या दातेरी चाकांत चिरडलेले बोट, पट्ट्यात ओढला गेलेला पंजा, धोट्याच्या तडाख्याने मोडलेले हाड यांची नोंद कोठे सापडेल? पुष्कळदा मालक पट्टी बांधून देतो, थोडे पैसे हातावर ठेवतो आणि कामगार गावाकडची गाडी पकडतो. मुंबईच्या गिरणीतील विणकराला निदान राज्य विमा योजनेचे संरक्षण होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर कापड विणण्याचे काम भिवंडीकडे आणखी सरकले. ते संरक्षण मात्र त्याच्याबरोबर आले नाही. त्या योजनेला दहा कामगारांची अट आहे, आणि एकाच छपराखालचे माग चार नावांवर दाखविण्याची रीत येथे जुनी आहे.

आता विज्ञानाकडे वळू. तळहातापासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतच्या अरुंद पट्ट्यात बोट वळविणाऱ्या दोन कंडरा एकाच बोगद्यातून जातात. तेथे त्या तुटल्या तर लगेच शिवू नयेत, शिवल्यास त्या चिकटून बोट ताठरते, असा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दंडक होता. स्टर्लिंग बनेल या अमेरिकन शल्यविशारदाने त्या पट्ट्याला दोन सैन्यांच्या खंदकांमधील ओसाड जमिनीचे नाव दिले होते. १९६० च्या दशकात क्लायनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांचे निष्कर्ष पद्धतशीर नोंदवून दाखवून दिले की काळजीपूर्वक शिवण आणि त्यानंतर लवकर सुरू केलेली नियंत्रित हालचाल यांमुळे बोट वाचते. त्याच दशकात, जानेवारी १९६३ मध्ये, शांघाय येथे डॉ. चेन झोंगवेई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्रावर तुटलेला एका कामगाराचा हात पुन्हा जोडला. १९६५ साली जपानमध्ये कोमात्सु व तामाई यांनी पूर्णपणे तुटलेला अंगठा जोडला.

मुंबईतही हे काम झाले आहे. बोटाच्या टोकाचे मांस निघून गेल्यावर तेथे केवळ कातडी नव्हे तर स्पर्शज्ञानही परत कसे आणावे, यावरील डॉ. बी. बी. जोशी यांचा निबंध १९७४ साली प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनीच तारा, सळ्या आणि साधे सांधे वापरून हाड बाहेरून स्थिर करणारी अल्पखर्ची पद्धत विकसित केली; ती आज ‘जेस’ या नावाने ओळखली जाते. यंत्रावर काम करणाऱ्या माणसांच्या हातांनी या शास्त्राला पुष्कळ शिकविले आहे, हे विसरता येणार नाही.

तथापि या शास्त्राचा लाभ मिळण्यास दोन अटी असतात. पहिली अट वेळेची. तुटलेले बोट स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून, पिशवीत घालून, ती पिशवी बर्फावर ठेवली तर ते बराच काळ जोडण्याजोगे राहते. थेट बर्फात टाकले तर बिघडते. तळहात किंवा दंड यांसारख्या स्नायू असलेल्या भागाला मात्र थोडेच तास मिळतात. दुसरी अट शस्त्रक्रियेनंतरच्या काळाची. शिवलेली कंडरा जड कामाचा ताण सोसण्याइतकी पक्की होण्यास सुमारे बारा आठवडे लागतात, आणि त्या काळात नियमित व्यायामोपचार झाला नाही तर उत्तम शस्त्रक्रियाही वाया जाते.

येथे अर्थशास्त्र सुरू होते. विमाधारक कामगाराला तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात वेतनाच्या ९० टक्के लाभ मिळतो. विमा नसलेल्याला १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने दर पंधरवड्यास मासिक वेतनाच्या २५ टक्के, म्हणजे महिन्याला निम्मे, देऊ केले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा कायदा विलीन झाला तरी तत्त्व तेच राहिले. ही रक्कमही कामगाराचे नाव हजेरीपटावर असेल तरच पदरात पडण्याचा संभव. ज्याचे नावच नाही, त्याला बारा आठवड्यांची फुरसत कोण देणार? तो तिसऱ्या आठवड्यात मागावर परततो किंवा गावी जातो.

संशोधकाच्या वहीत अशा माणसापुढे ‘पाठपुरावा तुटला’ अशी नोंद होते आणि हिशेबातून तो गळतो. उरतात ते येऊ शकणारे: जवळ राहणारे, पगारी रजा असणारे. निष्कर्ष त्यांच्यावरून काढले जातात. म्हणजे ज्याचा हात सर्वाधिक धोक्यात, त्याच्याविषयी शास्त्राला सर्वांत कमी माहिती, अशी ही उलटी व्यवस्था आहे.

मोजपट्टीचेही तसेच आहे. हात किती उपयोगी राहिला हे रुग्णालाच विचारणारी, १९९६ साली प्रसिद्ध झालेली तीस प्रश्नांची ‘डॅश’ नावाची प्रश्नावली जगभर वापरली जाते. तिच्यामागचा विचार उत्तम आहे. परंतु तिच्या मूळ मसुद्यातील एका प्रश्नात गोल्फ आणि टेनिसची उदाहरणे आहेत. कामाविषयीचे चार प्रश्न आहेत, ते ऐच्छिक पुरवणीत. तुटलेला धागा गाठता येतो का, कांडी बदलता येते का, हे विचारणारी मोजपट्टी भिवंडीच्या कामगारालाच तयार करावी लागेल.

याचा कायद्याशी थेट संबंध आहे. नुकसानभरपाईच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेल्यास १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७ टक्के असे दर ठरलेले आहेत. बोट शाबूत आहे पण बधिर आहे, अर्धेच वळते, अशा वेळी कमाईची किती क्षमता गेली हे डॉक्टरने ठरवायचे असते. मोजमापाची नोंद नसेल तर तो आकडा अंदाजाचा होतो, आणि अंदाजाचा फायदा दुर्बलाला क्वचितच मिळतो. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंह देव खटल्यात डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या सुताराची हानी शंभर टक्के धरली. मालकाचे म्हणणे ती अंशतःच मानावी असे होते. एका हाताने सुतारकाम होत नाही, ही साधी गोष्ट न्यायालयाने मान्य केली. तोच न्याय विणकराच्या बोटाला मिळवायचा तर पुरावा हवा, आणि पुरावा संशोधनातून येतो.

काही साथी म्हणतील, आधी चाकांवर जाळ्या बसवा, संशोधनाचे नंतर पाहू. या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत. वेल्लोरचे डॉ. पॉल ब्रँड १९४८ पासून, आणि पुढे पुण्याजवळील कोंढवा येथे डॉ. नोशीर अंतिया, कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागले. ब्रँड यांनी रुग्णांच्या रोजच्या जखमांचे कारण चिकाटीने शोधले. तेव्हा कळले की बोटे रोगाने झडत नाहीत. वेदना न जाणवल्यामुळे हत्याराने, विस्तवाने ती झिजतात. त्यातून हत्यारांच्या मुठी बदलल्या. नोंदवहीनेच प्रतिबंधाची वाट दाखविली.

खर्चाची सबबही आता टिकत नाही. बोटात अॅड्रेनालिनयुक्त भूल दिल्यास बोट मरते असे पिढ्यान्पिढ्या शिकविले जाई. कॅनडातील डॉ. लालोंद आणि सहकाऱ्यांनी २००५ साली ३,११० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत एकही बोट गमावले गेले नाही. परिणामी हाताच्या अनेक शस्त्रक्रिया पूर्ण भूल न देता, रुग्ण जागा असताना, लहान रुग्णालयातही करता येतात. शिवलेली कंडरा चालते की नाही हे रुग्ण टेबलावरच बोट हलवून दाखवितो.

यास्तव मागण्या स्पष्ट असाव्यात. भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात हाताच्या शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण घेतलेला शल्यविशारद व व्यायामोपचारतज्ज्ञ असावा. कामगारसंख्येची अट न घालता यंत्रमाग कामगारांना विमा योजना लागू व्हावी. पाठपुराव्यास येणाऱ्या कामगाराला प्रवासखर्च व बुडालेली मजुरी मिळावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतितत्त्वांत याला वाव आहे. संमतिपत्र त्याला समजणाऱ्या भाषेत, हिंदी, उर्दू, तेलुगू वा मराठीत असावे, कारण तो प्रयोगाचा प्राणी नाही, संशोधनाचा भागीदार आहे.

पहिले काम मात्र शासनाची वाट न पाहता करता येईल. कोणत्या मागावर, पाळीच्या कितव्या तासाला, कोणते बोट, किती वेळाने रुग्णालय, सहा महिन्यांनी काय स्थिती, एवढ्या पाच रकान्यांची एक वही युनियनच्या कार्यालयात ठेवावी. कामगाराचे नाव गुप्त राहावे. आकडे मात्र उघड व्हावेत. वर्षभराने ती वही घेऊन रुग्णालयाच्या, विमा महामंडळाच्या आणि मालकसंघाच्या दारी जावे. मोजलेल्या गोष्टीला उत्तर द्यावे लागते.